ब्रह्मदेशातील पराभव : इष्टापत्ती नव्हे, कष्टाने मिळवलेले शहाणपण

प्रति,
माननीय संपादक,

विषय : सितांगचा पराभव, छिंदवाड्याचे प्रशिक्षण आणि आपले विस्मरण

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांपुढे ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याला ब्रह्मदेशातून (आजच्या म्यानमारमधून) घ्याव्या लागलेल्या १९४२ च्या माघारीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. युद्धाच्या आरंभी पदरी आलेल्या पराभवाकडे केवळ नामुष्की म्हणून न पाहता सैन्याने त्यातून काय कमावले तेही पाहावे, ही लेखकाची भूमिका मला मान्य आहे. इतिहासाची शिक्षिका म्हणून वर्गात मी हेच सांगत आले. मात्र लेखाच्या शेवटी हा पराभव म्हणजे एक इष्टापत्तीच होती, असा जो निष्कर्ष काढला आहे तो मला पटला नाही. न पटण्याचे कारण नागपूर परिसराशी जवळून जोडलेले आहे, म्हणून हे पत्र.

२३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे सितांग नदीवरचा लोखंडी रेल्वे पूल आपल्याच बाजूच्या सैन्याने सुरुंग लावून उडवला, तेव्हा सतराव्या भारतीय डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड (अनेक पलटणींची ब्रिगेड आणि अनेक ब्रिगेडची डिव्हिजन) अजून नदीच्या पलीकडे, म्हणजे जपान्यांच्या बाजूला होत्या. आदल्या दिवशी पहाटे पुलावर टाकलेल्या फळ्यांवरून एक ट्रक घसरला आणि त्याच्यामागची सारी रांग काही तास जागच्या जागी अडकून पडली. पूल गेल्यावर पलीकडच्या माणसांनी बांबूचे, पत्र्याच्या डब्यांचे, हाती लागेल त्याचे तराफे केले. बंदुका टाकल्या, बूट काढले आणि पाण्यात उतरले. डोंगरात वाढलेल्या कित्येक गुरख्यांना पोहता येत नव्हते. अलीकडच्या काठावर पुन्हा मोजणी झाली तेव्हा डिव्हिजनचे पायदळ साडेतीन हजारांच्या आसपास उरले होते आणि त्यांच्याजवळ रायफली होत्या चौदाशेच्या घरात. पुढे दोन आठवड्यांत, ८ मार्चला, रंगून पडले आणि तेथून मे महिन्यातल्या पहिल्या पावसापर्यंत सुमारे नऊशे मैलांची माघार चालू राहिली. हे सारे ज्यांनी सोसले त्यांच्यासमोर 'इष्टापत्ती' हा शब्द उच्चारण्याचे धैर्य मला तरी होणार नाही.

हा पराभव कशामुळे झाला, याकडे लेखात ओझरता उल्लेख सोडला तर लक्ष दिलेले नाही, आणि शिकवणीचा खरा धागा नेमका तिथेच आहे. या डिव्हिजनची तयारी मध्यपूर्वेतल्या वाळवंटी युद्धासाठी चालली होती. तिच्या मूळच्या तीन ब्रिगेडपैकी दोन आधीच मलायाकडे वळवल्या गेल्या होत्या. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी सेना अतिशय घाईने वाढवली जात होती आणि नव्या पलटणी उभारण्यासाठी जुन्या पलटणींतून अनुभवी सुभेदार, हवालदार, नाईक काढून घेतले जात होते. त्यामुळे जुनी पलटण पोकळ आणि नवी पलटण कच्ची, अशी दुहेरी अवस्था झाली होती. जंगलात कसे चालावे, रात्री कसे थांबावे, मोटारीचा रस्ता सोडून कसे लढावे हे या शिपायांना कोणी शिकवलेच नव्हते. जपानी मात्र समोरून थोडी माणसे गुंतवून ठेवत, बाकीची रानातून वळसा घालून मागे पाठवत आणि रस्त्यावर अडथळा उभा करत. रस्ता तुटला की आपले सैन्य मागे सरके, मागे सरकले की पुन्हा रस्ता तुटे.

पूल उडवण्याच्या निर्णयाचे खापर डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल स्मिथ यांच्या डोक्यावर फुटले आणि ते पदावरून गेले. परंतु सितांगच्या मागे वेळेवर सरकण्याची परवानगी त्यांनी आधीच मागितली होती आणि वरिष्ठांनी ती कित्येक दिवस नाकारली होती, हेही नोंदले पाहिजे. एका माणसाला दोषी ठरवले की चौकशी संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बिघाड भरतीत होता, प्रशिक्षणात होता, वरच्या निर्णयांत होता. स्मिथ यांच्या जागी आलेले कोवन यांनी हीच डिव्हिजन १९४५ पर्यंत सांभाळली, ही गोष्ट मला त्या चौकशीहून अधिक महत्त्वाची वाटते. मार खाल्लेली डिव्हिजन मोडून न टाकता ती एकाच माणसाच्या हाती ठेवली, म्हणून तिला स्वतःच्या चुका आठवत राहिल्या.

आता मुख्य मुद्दा. पराभवातून शिकवण आपोआप मिळत असती, तर सितांगनंतर दुसरा पराभव झाला नसता. तो झाला. डिसेंबर १९४२ मध्ये अक्याब बेट घेण्यासाठी ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानमध्ये मोहीम निघाली आणि मयू द्वीपकल्पावरच्या डोनबाइक येथे जपान्यांच्या भक्कम, जमिनीत गाडलेल्या मोर्चांवर आपली माणसे समोरून पुन्हा पुन्हा धाडली गेली. जी डोंगररांग ओलांडता येणार नाही असे आपण धरून चाललो होतो ती जपान्यांनी ओलांडली, बगलेवर आले आणि मे १९४३ पर्यंत सैन्य जिथून निघाले होते तिथेच परत आले. सितांगला जे घडले त्याचीच ही दुसरी आवृत्ती होती. एका वर्षात कोणी काही शिकले नव्हते असे मी म्हणणार नाही. काही पलटणींनी आपापल्या परीने धडे लिहून काढले होते, प्रशिक्षण पुस्तिका निघाल्या होत्या. पण शिकलेले होते ते सुटे-सुटे, ज्याच्या त्याच्यापाशी, आणि आघाडीवर जाणारा नवा शिपाई तसाच कोरा जात होता.

या दुसऱ्या पराभवानंतर मात्र जून १९४३ मध्ये पायदळाच्या दुरवस्थेचा विचार करण्यासाठी समिती बसली. तिने स्पष्टपणे मांडले की चांगले रंगरूट हवाई दलाकडे आणि तांत्रिक शाखांकडे जातात, उरलेले पायदळाकडे येतात आणि अर्धवट तयारीनिशी आघाडीवर पाठवले जातात. त्यावरचा उपाय म्हणून दोन डिव्हिजन लढाईतून काढून केवळ प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्यात आल्या. एकीचे ठाणे सहारनपूरला होते. दुसरी होती चौदावी डिव्हिजन आणि तिचे ठाणे होते छिंदवाडा. नागपूरहून सव्वाशे किलोमीटरवर असलेला हा जिल्हा त्या वेळी आपल्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा भाग होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. आराकानमध्ये ज्या डिव्हिजनचा बोजवारा उडाला तीच ही चौदावी डिव्हिजन. हरलेल्यांनाच शिक्षक केले गेले, यातच मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. आपल्या लेखकांनी याचा उल्लेखही करू नये, याचे मला फार वाईट वाटले.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबाजी म्हणत असू, सावनेरहून छोट्या रेल्वेत बसून छिंदवाड्याला गेले ते १९४४ च्या आरंभी. पायदळात भरती होऊन कवायत शिकून झालेल्या रंगरुटांना तिथे आणखी दोन महिने जंगलात राहण्याचे आणि लढण्याचे शिक्षण मिळे. सातपुड्याच्या रानात मुक्काम असे. काडीचाही आवाज न करता रात्री चालणे, आपल्या टमरेलात आपला भात आपण शिजवणे, अंधारात गोळीबार ऐकू आला तरी जागचे न हलणे, हे सारे त्यांनी तिथे गिरवले. आम्ही लहान असताना आबाजींची एक सवय आमच्या ध्यानात आली होती. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात दिवसभर ते सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून अंगणात वावरत, पण दिवेलागण झाली की हातातले काम ठेवून दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली ओढत आणि गुंड्या लावत. घामाने सदरा पाठीला चिकटला तरी सकाळपर्यंत त्या बाह्या वर जात नसत. आजी रागावली की ते म्हणत, "मच्छर काई बंदूक घेऊन येत नाई, पन मानूस जातेच."

त्या बाह्यांमागे काय होते हे मला पुष्कळ उशिरा, वाचनातून कळले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या चौदाव्या आर्मीचे (ही चौदाव्या डिव्हिजनहून वेगळी आणि कितीतरी मोठी) प्रमुख जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी होऊन मागे पाठवलेली माणसे एकशेवीस होती. हिवताप, आमांश आणि जंगलातला ताप यांनी सैन्य शत्रूच्या आधीच पोखरले होते. त्यावर सूर्यास्तानंतर बाह्या खाली, पूर्ण लांबीची विजार, आणि रोज मेपाक्रीन या हिवतापावरच्या औषधाची पिवळी गोळी असा कडक नियम झाला. त्या गोळीने पुरुषत्व जाते अशी अफवा शिपायांत होती, म्हणून पुष्कळजण ती तोंडात धरून नंतर थुंकून टाकत. स्लिम यांनी अचानक तपासण्या घेतल्या, आणि ज्या तुकडीत पंचाण्णव टक्क्यांहून कमी जणांच्या रक्तात औषध आढळले तिच्या अधिकाऱ्याला पदावरून दूर केले. तिघांना काढावे लागले. त्यानंतर बाकीच्यांना अर्थ समजला, असे ते लिहितात. आबाजींच्या तोंडून मी ऐकले आहे की गोळी गिळून, तोंड उघडून दाखवेपर्यंत हवालदार समोरून हलत नसे. पराभवातून शिकणे म्हणतात ते असे असते. सेनापतीच्या डोक्यात आलेला विचार सावनेरकडच्या एका शेतकऱ्याच्या मनगटापर्यंत पोहोचला आणि तिथे जन्मभर राहिला.

रसदीचेही तेच. रस्ता तुटला की माघार, हे चक्र मोडायचे तर वेढ्यात सापडलेल्या तुकडीने जागा न सोडता लढत राहायचे आणि तिला अन्न, पाणी, दारूगोळा आकाशातून मिळायचा. यासाठी लागणारे रेशमी पॅराशूट मिळत नव्हते, तेव्हा कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाचे पॅराशूट करून घेतले गेले. रेशमी पॅराशूटला वीस पौंडांहून अधिक खर्च येई, तागाचे एका पौंडाच्या आसपास पडे. त्यातून माणूस उतरवता येत नसे, पण तांदळाची पोती सुखरूप येत. त्याचबरोबर लष्करात कोणीही बिनलढाऊ नाही, असा दंडक घातला गेला. कारकून, स्वयंपाकी, खेचरवाला, दवाखान्यातला माणूस, प्रत्येकाने आपल्या जागेचे रक्षण स्वतः करायचे. आणि पहिल्या चकमकी मुद्दाम अशा निवडल्या गेल्या की आपले बळ शत्रूच्या कितीतरी पट असावे, म्हणजे जपानी माणूस अजिंक्य आहे ही शिपायाच्या मनात बसलेली धास्ती आधी निघावी. माझ्या मते शस्त्रांपेक्षाही ही बाब मोलाची होती. धास्ती भाषणांनी जात नाही, एकदा डोळ्यांदेखत जिंकल्यावरच जाते.

या तयारीची परीक्षा १९४४ मध्ये झाली. फेब्रुवारीत आराकानमध्ये जपान्यांनी पुन्हा तोच वळसा घातला, पण या वेळी पिछाडीच्या रसद तळावरील माणसे जागची हलली नाहीत. कारकून आणि खेचरवाले खंदकांत उतरले, आकाशातून रसद पडत राहिली आणि अडीच आठवड्यांनी उपासमारीने मागे फिरावे लागले ते वेढा घालणाऱ्यांना. मार्चमध्ये सतरावी डिव्हिजन, तीच सितांगची, तिद्दीमच्या रस्त्यावर इंफाळपासून तुटली. तिच्यामागे रस्त्यावर अडथळे उभे राहिले, अगदी १९४२ सारखे. तिने एकामागून एक अडथळे फोडले, आपले जखमी आणि आपली वाहने सोबत घेतली आणि मणिपूर नदीवरचा पूल उडवला तो शेवटची तुकडी अलीकडे आल्यानंतर. दोन वर्षांच्या अंतराने एकाच डिव्हिजनने उडवलेले हे दोन पूल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी लेखकांना विनंती आहे. याच डिव्हिजनने मार्च १९४५ मध्ये मध्य ब्रह्मदेशातले मिक्तिला घेतले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती सितांगच्या काठावर परतली.

हा पराभवही ब्रिटिशांचा आणि विजयही ब्रिटिशांचाच, आपले त्यात काय, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्त आहे. ज्या १९४२ मध्ये रंगून पडले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे आपल्याच माणसांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध रक्त सांडले, आणि इंफाळच्या रणभूमीवर समोरच्या बाजूला आझाद हिंद सेनाही होती. आमच्या घरात हे दोन्ही प्रवाह होते आणि जेवताना या विषयावर आबाजी बहुधा गप्प बसत. तरीही त्या सैन्यातले बहुसंख्य शिपाई भारतीय होते आणि ते जे शिकले ते १९४७ नंतर आपल्याकडेच राहिले. महार रेजिमेंट १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. तिची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये, म्हणजे ब्रह्मदेशातून माघार संपता संपता, आपल्या कामठीतच उभारली गेली आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन आली. सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या लागून मरणाच्या दारात गेलेला एक तरुण कॅप्टन पुढे सरसेनापती झाला. त्यांचे नाव सॅम मानेकशॉ. १९७१ च्या एप्रिलमध्ये सैन्य तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे, मला वेळ हवा, असे आपण सरकारला सांगितले, हे मानेकशॉ यांनी नंतर स्वतः अनेकदा सांगितले. अपुऱ्या तयारीच्या सैन्याचे काय होते हे त्यांनी सितांगला स्वतःच्या देहावर अनुभवले होते, आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे असे माझे अनुमान आहे.

वेळ हा शब्द इथे कळीचा आहे. जपानी सैन्य भारताच्या सीमेवर येऊन थांबले, मध्ये डोंगर आणि पाऊस उभे राहिले, म्हणून शिकायला दोन वर्षे मिळाली. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य इंग्रजांकडून हरले. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांत, १६ डिसेंबरला, नागपूरची लढाईही ते हरले. त्या शिपायांत शौर्य कमी नव्हते, त्यांना शिकायला अवधीच मिळाला नाही.

आणि अवधी मिळूनही शिकता येत नाही, याचेही उदाहरण आपल्याच घरात आहे. आराकानमध्ये कंगाव येथे पलटणीचे नेतृत्व केलेले आपले महाराष्ट्राचे जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी १९६० मध्ये 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन ईशान्य सीमेवर चिनी आक्रमण झाले तर काय होईल हे मांडले होते. ते मनावर घेतले गेले नाही. १९६२ मध्ये चीनकडून पराभव झाल्यानंतर हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी त्याची चौकशी केली. त्यांचा अहवाल १९६३ मध्ये सादर झाला आणि सरकारने तो अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. सैन्याने त्यातून आपल्यापुरते धडे घेतले असतील आणि १९६७ मध्ये सिक्कीमच्या सीमेवर नथू ला येथे चिन्यांशी झालेल्या चकमकीत त्याचा प्रत्ययही आला. पण ज्या समाजाची मुले तिथे गेली त्या समाजाला काय चुकले हे सांगायचेच नाही आणि वर पराभवाला इष्टापत्ती म्हणायचे, हे मला अन्यायाचे वाटते. १९४३ च्या समितीने स्वतःच्या सैन्याविषयी जे कठोर शब्द लिहिले तेवढा कठोरपणा आपण स्वतंत्र देशात दाखवू शकलो पाहिजे.

लेखकांना माझी एवढीच सूचना आहे की पुढच्या लेखात छिंदवाड्यासाठी जागा ठेवावी. तिथल्या रानात तयार झालेले शिपाई कोण होते, कुठल्या गावचे होते, याची सलग नोंद मला आजवर कुठे मिळालेली नाही. काही वर्षांपूर्वी मी आबाजींची कागदपत्रे घेऊन एका संस्थेत गेले असता, हा जिल्हा आता महाराष्ट्रात नाही, असे सांगून मला परत पाठवले गेले. ज्या छोट्या रेल्वेने ते गेले ती २०१५ मध्ये बंद होऊन तिथे आता रुंद मार्ग झाला आहे. सावनेर, सौंसर, कामठी, रामटेक या भागांतील ज्या घरांत त्या काळातले सेवापुस्तक, पत्र किंवा छायाचित्र पेटीच्या तळाशी पडून असेल, त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी एकदा वाचावे आणि आपल्या वृत्तपत्राने अशा कागदांसाठी पुरवणीचे एक पान द्यावे. माझ्याजवळ आबाजींचे सेवापुस्तक आणि आजीला लिहून पाठवलेली चार कार्डे आहेत. ती छायाप्रत काढण्यासाठी मी आपल्या कार्यालयात केव्हाही आणून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
महाल, नागपूर